तिने जाकीट नेलं असेल ना

आमचे शेजारी रोज संध्याकाळी वॉकला भेटतात आणि आधी मिनेसोटाचं हवामान सांगतात. "तिकडे आज गार आहे. तिने जाकीट नेलं असेल ना?" मी "नेलं असेल" म्हणते.

ती म्हणजे त्यांची सोळा वर्षांची मुलगी. इथल्या मराठी मंडळात सगळे अजून तिला मुलगाच समजतात. टेक्ससने अठराच्या आतल्या ट्रान्स मुलांचे उपचार कायद्याने बंद केले, तेव्हा आई तिला घेऊन मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला गेली. यांचं ग्रीन कार्ड इथल्या नोकरीत अडकलेलं, म्हणून हे इथे टेक्ससमध्ये, प्लेनोत एकटे. कशालाही "हो ना" म्हणणारा माणूस. त्यांनी कुणाचं बोलणं खोडून काढलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

परवा गणपतीच्या आरतीनंतर ते मोदक वाटत होते. मंडळातल्या एका वयस्कर काकांनी मायेनं विचारलं, "चिरंजीव काय म्हणतात?"

"मुलगी आहे, काका. बरी आहे." आणि त्यांनी मोदक पुढे केला.

सगळे वळून त्यांच्याकडे बघू लागले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला सगळं ठाऊक होतं, तरी मी ताटलीकडे बघत राहिले.

काल वॉकला भेटले. प्लेनोच्या उन्हाबद्दल बोलले, फक्त तेवढंच.