हरियालची चारुशीला

चारुशीला पेंढारकर तेवीस वर्षांची असताना नोकरीला लागली, तेव्हा हरियाल एअरकडे मोजून दोन विमानं होती आणि त्यातलं एक बहुतेक वेळा दुरुस्तीला असायचं. प्रताप नगरातल्या तिच्या घरातलं तोवर कुणी विमानात बसलं नव्हतं. मुलगी विमान कंपनीत लागली म्हटल्यावर आईनं आधी विचारलं, "म्हणजे तुला लोकांना चहा द्यावा लागेल का गं?"

"आमच्या विमानात चहा मिळतच नाही, आई. हवा असेल तर विकत घ्यायचा. म्हणून तर तिकीट स्वस्त आहे."

नागपूरच्या ऑफिसात तेव्हा सगळे मिळून अकरा जण होते. जी काउंटरवर तिकीट बघायची तीच धावत गेटवर जायची, आणि वेळ पडली तर विमानातल्या सीटाही पुसायची. प्रवासी तरी कसे? धंतोलीच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलेले पेशंट, एक्स-रेचं पाकीट दुमडू नये म्हणून छातीशी धरून बसलेले. पुण्यात नोकरी लागलेली पोरं. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आया. कुणी वाटेत अडकलं तर गिरिधर सर, म्हणजे नागपूरचे मॅनेजर, स्वतः फोन लावायचे. "कुठवर आलात? अजनी? या, या, थांबतो आम्ही." विमान दहा मिनिटं उशिरा सुटायचं, आणि आत बसलेलेही फारशी कुरकूर करत नसत.

मग हरियाल वाढली. दोनाची नऊ विमानं झाली, नवाची चाळीस. सगळी एकाच जातीची, म्हणजे सुटे भाग तेच, मेकॅनिकही तेच. विमान उतरलं की पंचवीस मिनिटांत पुन्हा उडालं पाहिजे, कारण जमिनीवर उभं विमान कमावत नाही, हे चारुशीलाला पाठ झालं. विमान कधी सोडायचं ते ठरवणारी कंट्रोल रूम दिल्लीकडे गेली. उड्डाणाला साठ मिनिटं उरली की काउंटरचा कॉम्प्युटर आपोआप बंद व्हायचा. गिरिधर सरांनी वर्षभर वाद घातला, मग राजीनामा देऊन ते मुलाकडे निघून गेले. जाताना तिला म्हणाले, "तू टिकशील. तुला शिस्त आहे." तिला ते कौतुक वाटलं.

ती टिकली. ड्यूटी मॅनेजर झाली. नव्या मुलींना तीच शिकवायची, की उशिरा आलेल्याशी वाद घालायचा नाही, आवाज चढवायचा नाही, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. विमानं वेळेवर सोडण्यात नागपूर लागोपाठ तीन महिने देशात पहिलं आलं. लग्न राहून गेलं, वडील गेले, आईला दिसेनासं झालं. या सगळ्यात वेळेवर सुटणारी विमानं तेवढी तिच्या हातात होती.

त्या नोव्हेंबरात एका सकाळी अदिती काउंटरवरून तिला बोलवायला आली. ही मुलगी नवीनच लागली होती. "मॅडम, जरा या ना. बंगलोरवाले दोन पॅसेंजर आहेत. ऐकतच नाहीत."

बंगलोरचं विमान नऊ दहाचं. घड्याळात आठ वाजून चौदा मिनिटं झाली होती. समोर कन्हानचे महादेवराव भोयर उभे होते, कोळशाच्या खाणीतून रिटायर झालेले, स्वेटर उलटं घातलेलं. मागं त्यांची बायको पंचफुला, हातात एकच पिशवी.

"मॅडम, पोरगी आयसीयूत हाये तिकडं," महादेवराव म्हणाले. "डेंगू झाला म्हणते जावई. कामठीपाशी ट्रक उलटला नं, तिथंच अर्धा घंटा गेला. चारच मिनिटं झाले ना जी!"

"सॉरी काका, काउंटर बंद झालंय."

"पण इमान तं अजून आलंच नाही म्हणून राहिले लोकं! जे आलंच नाही ते सुटन कसं?"

खरंच होतं ते. विमान अजून उतरायचं होतं. अदिती चारुशीलाकडे बघत राहिली. ड्यूटी मॅनेजरनं कंट्रोलला फोन करून विनंती केली तर कधीकधी काउंटर उघडून मिळायचं. पण अशा प्रत्येक फोनची नोंद व्हायची, ती नंबर ठरवताना धरली जायची, आणि त्या आठवड्यात नागपूरच्या नावावर आधीच दोन नोंदी होत्या. चारुशीलानं फोनकडे एकदा पाहिलं. मग संध्याकाळी मुंबईवरून जाणाऱ्या विमानात दोन जागा करून दिल्या आणि जास्तीचे पैसे लावले नाहीत. आपण नियमापलीकडे जाऊन मदत केली, असं तिला त्या वेळी मनापासून वाटलं. दोघं दाराजवळच्या बाकावर बसून राहिली. नऊ दहाला विमान वेळेवर उडालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बंगलोरहून येणाऱ्या विमानाचे कागद तिच्या टेबलावर आले. सामानाच्या यादीत एक शवपेटी होती. नाव, दामिनी धर्मेंद्र राऊत. वय एकतीस. सोबत येणारे, महादेवराव भोयर आणि इतर दोन.

ते नाव तिनं पुन्हा वाचलं. अशा वेळी कागदांवर ड्यूटी मॅनेजरचीच सही लागते. अदितीला पाठवता येतं का, हे तिनं एकदा मनात चाचपून पाहिलं, आणि मग स्वतःच मालधक्क्याकडे चालत गेली.

महादेवरावांनी तिला लगेच ओळखलं. स्वेटर तेच होतं. जावई शवपेटीजवळ पाठमोरा उभा होता. महादेवराव पुढं आले नि म्हणाले, "कुठं सही करू, मॅडम?"

तिनं बोट ठेवलं. त्यांनी सावकाश, पूर्ण नाव लिहिलं. पेन परत देताना ते थांबले, तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "काका, त्या दिवशी मला फोन करता आला असता. कदाचित उघडून दिलं असतं त्यांनी."

"मंग काहून नाही केला?"

ते ओरडले नाहीत. त्यांना खरोखर समजून घ्यायचं होतं. चारुशीलानं त्यांच्या सहीखाली आपली सही केली. माणसांनी पेटी गाडीत ठेवली, आणि गाडी गेली.

त्यानंतर ती प्रत्येक उशिरा आलेल्यासाठी कंट्रोलला फोन करू लागली. कधी काउंटर उघडायचं, बहुतेक वेळा नाही. नागपूर पहिल्यावरून अकराव्या नंबरावर गेलं. मोठ्या साहेबांनी दोनदा समज दिली, आणि मार्चमध्ये तिची बदली हरवलेल्या बॅगांच्या टेबलावर झाली. त्याच महिन्यात हरियालनं आणखी तीस विमानांची ऑर्डर दिली. ऑफिसात केक कापला गेला. तिनं आपला तुकडा डब्यात घालून आईसाठी नेला.

एप्रिलच्या एका रविवारी ती कन्हानला गेली. महादेवरावांनी तिला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. ऊन किती पडून राहिलं, एवढंच ते दोनदा म्हणाले. चहा घेऊन पंचफुला बाहेर आली आणि तिच्यासमोर जमिनीवरच बसली.

"एक सांग वं बाई. ते इमान थितं किती वाजता पोचलं?"

चारुशीलाला काहीही सांगता आलं असतं. धुकं होतं, विमान वरच घिरट्या घालत राहिलं, असं सांगितलं असतं तरी या बाईला ते कधी कळलं नसतं.

"दहा पंचावन्नला," ती म्हणाली.

"आन् तिथून दवाखाना?"

"दीड तास. फार तर दोन."

पंचफुलानं बोटांवर मोजलं. मग पुन्हा एकदा मोजलं.

"मंजे एक वाजता पोचलो असतो आमी," ती नवऱ्याकडे वळून म्हणाली. "दामिनी त्या दिवशी तीनपर्यंत होती. बोलत होती थे, धर्मेंद्र म्हणे."

महादेवराव जमिनीकडे बघत होते. "चहा घे, बाई," पंचफुला म्हणाली. "थंडा होऊन राहिला."

चारुशीलानं कप उचलला, आणि त्या दोघांसमोर बसून तो चहा शेवटपर्यंत प्यायली.