बिनगुळाचं पुडिंग

अक्काताईंच्या हातच्या त्या पदार्थाला पुडिंग हे नाव त्यांच्या लेकीनं ठेवलं. त्याआधी त्याला नाव असं नव्हतंच. निपाणीच्या पलीकडच्या त्यांच्या माहेरी थंडी पडली की लाल भोपळा किसायचा, त्यात भाजलेला रवा, दूध, गूळ, तूप आणि जायफळ घालायचं, पितळी पातेलं निखाऱ्यांवर ठेवायचं आणि झाकणावरही निखारे पसरायचे. खालून वरून धग लागून ते हळूहळू फुगायचं, वर तांबूस पापुद्रा धरायचं आणि कडेला जरासं करपायचं. त्या करपलेल्या कडेसाठी भावंडांत मारामाऱ्या व्हायच्या. लग्न होऊन उचगावला आल्यावर अक्काताई ते इथं करू लागल्या.

प्रियदर्शनी सहावीत असताना एकदा इंग्रजीचं पुस्तक घेऊन धावत स्वयंपाकघरात आईकडं आली. चित्रात बाहेर बर्फ पडत होता, आत चूल पेटलेली होती आणि टेबलावर काहीतरी वाफाळत होतं.

"अव्वा, हे बघ! पुडिंग. हे तर आपलंच हाय की!"

तेव्हापासून घरात, मग गल्लीत ते पुडिंग झालं. शेजारच्या बनाबाई हसायच्या, "अंडं न्हाय, पाव न्हाय, आन् म्हणं पुडिंग!" पण वाटी घेऊन सगळ्यांत आधी त्याच हजर व्हायच्या.

अक्काताईंचं घर जैनांचं. दिवस मावळल्यावर तोंडात अन्नाचा कण घालायचा नाही. पौषात दिवस तो केवढासा. त्यामुळं दुपार कलली की त्या शेगडी पेटवायच्या आणि पुडिंग खायला सगळे परसात, उतरत्या उन्हात बसायचे. अक्काताईंचे यजमान वर्धमानआप्पा कारखान्यातून सायकल हाणत यायचे, ऊन असेपर्यंत पोचायला. थोरला मुलगा अनेकांत भराभर खाऊन मोकळा व्हायचा. प्रियदर्शनी मात्र वाटी दोन्ही तळव्यांत धरून बसायची. आधी हात शेकायची, मग वास घ्यायची आणि मग खायची. "आटीप की गं, दिस चालला," असं अक्काताई रोज ओरडायच्या आणि ती रोज शेवटचा घास सूर्याकडं बघत खायची.

हीच मुलगी चोविसाव्या वर्षी म्हणाली, "मला दीक्षा घ्यायची हाय."

तिचं शिक्षण झालं होतं, कोल्हापुरात एका पतपेढीत नोकरी लागली होती, दोन स्थळंही आली होती. त्या वर्षी चातुर्मासात माताजींचा, म्हणजे जैन साध्वींचा, संघ गावाजवळ होता. ती रोज संध्याकाळी प्रवचनाला जायची. सुरुवातीला अक्काताईंना बरंच वाटलं होतं. पोरगी देवाधर्माची निघाली, यात वाईट काय? पण ती रात्रीचं पाणी सोडून बसली, मग तिनं गादी सोडली, मग दागिने काढून आईच्या हातावर ठेवले. तेव्हा अक्काताईंना उमगलं, हे नुसतं देवाधर्माचं नाही.

अनेकांतनं भांडण केलं. वर्धमानआप्पा तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अडवायचं कसं? वाईट वाटंला लागली असती तर तंगडी मोडली असती. ही चांगल्या वाटंला लागलीय."

दीक्षेच्या दिवशी हजारो माणसं आली. लेकीला नवरीसारखं नटवून मिरवलं. मग तिनं सगळं उतरवलं, पांढरं लुगडं नेसली आणि आपल्या हातानं डोक्यावरचे केस उपटले. बायका येऊन अक्काताईंच्या पाया पडत होत्या. "तुमची कूस धन्य झाली." अक्काताई मान हलवत होत्या. लेकीला नवं नाव मिळालं. ते संस्कृत नाव पुढं कितीही प्रयत्न केला तरी त्यांच्या जिभेवर बसलं नाही.

त्यानंतर सहा वर्षं त्यांनी लेकीला पाहिलं नाही. संघ पायी पायी कुठं कुठं फिरत राहिला. अनेकांत पुण्याहून फोनवर कधी फोटो पाठवायचा. त्यात दहा-बारा पांढरी लुगडी असायची आणि अक्काताई त्यात आपलं माणूस शोधत बसायच्या. थंडीत पुडिंग होत राहिलं, पण वाटी हातात घेतली की त्यांना वाटायचं, ती आज कुठल्या गावात, कुठल्या गार फरशीवर बसली असेल?

गेल्या पौषात बातमी आली की संघ कोल्हापुरात येतोय आणि तीन दिवस उचगावच्या बस्तीत, म्हणजे जैन देवळात, मुक्काम आहे.

अक्काताईंनी घर धुऊन काढलं. माताजींच्या आहाराला चौका लावायचा म्हणजे साधी गोष्ट नव्हे. विहिरीचं पाणी गाळून आणायचं, पीठ घरच्या जात्यावर दळायचं, धुतल्या वस्त्रानिशी रांधायचं. माताजी दिवसातून एकदाच जेवतात, सकाळी, आपल्या ओंजळीतच. घासात केस निघाला, मुंगी निघाली किंवा दुःखानं कुणाचे डोळे वाहिले, की तो अंतराय. ओंजळ सुटते. मग दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही.

संघासोबत असणाऱ्या ब्रह्मचारिणी दीदींना त्यांनी आधीच जाऊन विचारलं, "आमच्या... माताजींचा काय काय त्याग हाय?"

"मीठ आणि गोड. जन्मभराचा," दीदी म्हणाल्या.

"दूध चालतंय?"

"चालतं. दूध, तूप घेतात."

अक्काताई घरी आल्या आणि भोपळा चिरायला बसल्या. वर्धमानआप्पांच्या लगेच लक्षात आलं.

"नको गं. तिनं सोडलंय न्हवं?"

"गूळ घालत न्हाय की मी. भोपळा हाय, रवा हाय, दूध-तूप हाय. ह्यात काय चुकलं?"

"चूक न्हाय. पर नको."

"अवो, थंडी किती पडलीया," अक्काताई म्हणाल्या. "पोटात काय तरी ऊन ऊन जाऊ दे की तिच्या."

आप्पांनी किसणी आणून दिली.

पहिल्या दिवशी सकाळी गल्लीत दारोदार लोक हातात कलश घेऊन उभे राहिले. "हे माताजी, वंदामि, वंदामि, अत्र तिष्ठ, तिष्ठ!" असा पुकारा चालला होता. कुठल्या दारात थांबायचं हे माताजींनी मनाशी ठरवलेलं असतं, ते कुणाला सांगत नाहीत. अक्काताईंच्या दारावरून पांढरी लुगडी गेली. त्यांची लेक समोरच्या घरात थांबली. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या. दोन्ही दिवस ते बिनगुळाचं पुडिंग शेजारीपाजारी वाटलं गेलं. बनाबाई एक घास खाऊन म्हणाल्या, "अक्काताई, देवाशपथ, मला गिळवंना बघ. चवीमुळं न्हवं."

तिसऱ्या दिवशी ती अक्काताईंच्या दारात येऊन उभी राहिली.

अक्काताई पहिल्या 'वंदामि'पाशीच अडल्या. पुकारा आप्पांनीच पुरा केला. दोघांनी तिला प्रदक्षिणा घातली, पाटावर बसवलं आणि पाय धुतले. टाचांना भेगा पडल्या होत्या, सगळी वाट अनवाणी चालून. याच पायांना लहानपणी थंडीत खोबरेल लावून मोजे चढवायचे, असं मनात आलं आणि त्यांनी दात घट्ट आवळले. रडायचं नाही. आपण रडलो तर ती उपाशी राहील. त्यांनी नजर लेकीच्या ओंजळीवर टेकवली आणि तिथून हलवायचीच नाही असं ठरवलं.

आधी पाणी दिलं, मग दूध. मग अळणी भाकरी चुरून, आमटीत भिजवून, एकेक घास. दार भरून माणसं उभी होती. ओंजळ वर जायची, रिकामी होऊन खाली यायची. बोटं किती बारीक झाली होती. अक्काताई मनात नवकार मंत्र म्हणत होत्या आणि घास ठेवत होत्या.

मग त्यांनी पुडिंगची एक वडी मोडून त्या हातावर ठेवली. कडेची, करपलेली. ती अजून गरम होती.

ओंजळ वर जाता जाता क्षणभर थांबली. मग गेली. तो घास गेला. दुसराही गेला. तिसरा घास ठेवताना अक्काताईंनी पाहिलं, लेकीच्या मनगटावर पाण्याचा थेंब पडला. त्यांना वाटलं, आपल्याच डोळ्यांतून पडला. त्यांनी घाबरून पापण्यांना हात लावला. पापण्या कोरड्या होत्या.

ओंजळ सुटली आणि पुडिंग ताटात पडलं.

"अंतराय," दीदी हळूच म्हणाल्या.

दारातल्या बायकांत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "तसला पदार्थ कराय नको हुता." माताजींनी तोंड धुतलं, कमंडलू उचलला आणि खाली बघत निघून गेल्या.

अक्काताई तिथंच पाटाशेजारी बसून राहिल्या. गर्दी पांगल्यावर बनाबाई आत आल्या आणि शेजारी टेकल्या.

"रड की गं आता."

"येतच न्हाय," अक्काताई म्हणाल्या. "उपाशी घालवली बघ मी तिला. सा वर्सांनी दारात आली आन् उपाशी घालवली."

"तू न्हाय घालवलीस. तिला आठवलं त्याला तू काय करशील?"

त्या दिवशी अक्काताईंनीही पाणी घेतलं नाही. दुपारी त्या बस्तीत गेल्या. माताजी भिंतीला पाठ न टेकता बसल्या होत्या. अक्काताईंनी समोर फरशीवर डोकं टेकलं आणि ते वर उचललंच नाही. तसंच, फरशीशी बोलल्यासारखं त्या म्हणाल्या, "माताजी, क्षमा करा. माझ्यामुळं तुमचा आहार मोडला."

"तुमच्यामुळं नाही," वरून आवाज आला. आवाज तोच होता, फक्त त्यात आता घाई नव्हती. "माझंच मन अजून कच्चं आहे. मी प्रायश्चित्त घेतलं आहे. आजपासून दुधाचाही त्याग."

अक्काताईंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा फरशीचा गारवा कपाळातून आत उतरत गेला. मीठ गेलं होतं, गोड गेलं होतं आणि आता दूधही गेलं. तेही त्यांच्या पुडिंगनं नेलं.

"तूप तरी राहू द्या की, माताजी," त्या म्हणाल्या. पोटच्या पोरीला माताजी म्हणून, हात जोडून, त्या तुपाची भीक मागत होत्या.

मग मोरपिसांची पिच्छी त्यांच्या डोक्यावरून हलकेच फिरली. आशीर्वाद मिळाला, म्हणजे आता उठायचं. त्या तशाच वाकून मागं सरकल्या.

घरी आप्पा परसात बसले होते. ऊन भिंतीवर चढलं होतं. अक्काताईंनी दुधाचं सांगितलं. आप्पांनी मान हलवली, ताटलीतली गार झालेली वडी घेतली आणि दिवस मावळायच्या आत खाऊन संपवली.

दुसऱ्या दिवशी पहाट उजाडल्यावर संघ कागलच्या दिशेनं निघाला. गावच्या बायका पोचवायला थोडं अंतर चालतात, तशा अक्काताईही चालल्या. धुकं होतं. ट्रक बाजूनं जात होते. लेक पुढं होती, झपाझप चालत होती. एकदाही मागं वळली नाही. वळायचं नसतंच. बाकीच्या बायका पुलापाशी नमस्कार करून परतल्या. अक्काताई चालत राहिल्या. मग गुडघा धरला आणि त्यांना रस्त्याकडेला थांबावं लागलं. पांढरी लुगडी लहान होत होत धुक्यात गेली.

आप्पा स्कूटर घेऊन मागोमाग आले होते. त्यांनी गाडी उभी केली.

"चल."

"थांबा की जरा."

आप्पा थांबले. अक्काताई रिकाम्या रस्त्याकडं बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "अवो, मी तिचं तोंडच बघितलं न्हाय."

"म्हणजे?"

"घास देताना हाताकडंच बघत हुतो. वर बघितलं तर रडू येईल म्हणून. बस्तीत तर डोस्कंच खाली हुतं माझं. सा वर्सांनी आली, आन् तोंड बघायचंच राहिलं." आणि आता, कालपासून अडकलेलं सगळं बाहेर आलं. त्या पदर तोंडात कोंबून, रस्त्याकडेच्या दगडावर बसून रडल्या. आप्पा स्कूटरचं हँडल धरून शेजारी उभे राहिले.

रडणं ओसरल्यावर ते म्हणाले, "मी बघितलंय. बस मागं. सांगतो."

त्या मागं बसल्या. थंड वारं कानात शिरत होतं, म्हणून आप्पा मान मागं वळवून मोठ्यानं बोलत होते.

"वाळलीय. गालाची हाडं वर आलीत. पर डोळं हायेत तसंच हायेत. आन् भुवईवरचा तो तीळ, तुझ्या अव्वासारखा..."

"व्हय," अक्काताई म्हणाल्या. "आन्?"

आप्पा गाडी अगदी सावकाश चालवत होते. "आन् उन्हानं रापलीय. कपाळावर दोन आट्या पडल्यात, नव्या."

"आन्?"