कार्ड दुसऱ्या राज्याचं

"चपला काढत्यात तिथं बसा. भट्टीवाल्यांनी आत यायचं न्हाय," सिस्टर म्हणाली.

मी बसले. मांडीवर दहा महिन्यांची कोमल. समोर चपलांचा ढीग. गावातल्या बायका आत, पंख्याखाली, बाकड्यावर.

आम्ही बीडकडचे. कर्नाटकात, निपाणीजवळच्या एका गावात वीटभट्टीवर आलेलो. शेजारच्या झोपडीत एका पोराला गोवर निघाला, म्हणून काम सोडून मी लसीच्या दिवशी दवाखाना गाठला होता.

सगळ्यांचं झालं. मग सिस्टरनं कोमलचं लसीचं कार्ड दोन बोटांत उचललं.

"हे महाराष्ट्राचं. हितं चालत न्हाय. आपल्या गावाकडं जावा."

"गावाला जायला अजून चार महिने आहेत, बाई. शेजारी गोवर आलाय."

"मग पोरास्नी आंघोळ घालत जावा. तुमच्यामुळंच येतोय गोवर हितं."

बाकड्यावरची एक हसली. तिनं आपल्या पोराचं तोंड पदरानं झाकलं.

तेवढ्यात मदतनीस बाई म्हणाली, "आक्का, बाटलीत दोन पोरांची लस उरलीया."

"फोडलेली बाटली उद्या चालत न्हाय. टाक."

तिनं टाकली. माझ्या डोळ्यांदेखत, डब्यात. आणि मी गप्प उठले. पोर उचललं, निघाले. ते गप्प बसणं मला आजही सोडत नाही.

बारा दिवसांनी कोमलला गोवर निघाला. ताप उतरेना. पोर वाचली, पण दोन्ही कान वाहायला लागले. महिन्याभरानं मी तिच्या पाठीमागं उभी राहून थाळी वाजवली. एकदा. दोनदा. जोरात. ती मातीत खेळत राहिली.

माझी भीती तिथं मेली.

पुढच्या लसीच्या दिवशी भट्टीवरच्या सहा बाया, त्यांची पोरं आणि कडेवर कोमल. थांबलो नाही. सरळ आत जाऊन बाकड्यावर बसलो.

"कुणी सोडलं ह्यांना? उठा!" सिस्टर ओरडली.

मी म्हणाले, "उठणार नाही. त्या दिवशी दोन पोरांची लस तुम्ही डब्यात टाकली. माझी पोर बहिरी झाली. पोलीस बोलवा. लस घेतल्याबिगर हलणार नाही."

आवाज ऐकून डॉक्टर आले. कार्डं चाळली.

"लस कुठल्याबी राज्याच्या पोराला द्यायचीच असत्या. ठाऊक हाय की तुम्हाला, सिस्टर. द्या."

दिली. सहाही पोरांना. माफी कुणी मागितली नाही.

परतताना सोबतची एक म्हणाली, "झालं ना गं काम. आता राग सोड."

नाही सोडला. भट्टीवर नवी माणसं उतरली, की आधी पोराचं कार्ड बघते. लसीच्या दिवशी मीच पुढं चालते. हात जोडत नाही. आणि कोमलचे कान कसे गेले, ते दर वेळी त्या टेबलासमोर उभी राहून मोठ्यानं सांगते. सिस्टरला ते ऐकणं सोसत नाही. ती तोंड फिरवते.

फिरवू दे. मी सांगणार.