मायचा जोर
कापूर घातलेल्या तिळाच्या तेलाचा वास आला की मला उमरखेडच्या घराची मागची खोली आठवते आणि तिथं खिडकीच्या गजाला बांधलेला, ओढणाऱ्याचा जोर मोजायचा माझा ताणकाटा. बाबांच्या मोडलेल्या हाताचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. दंड वाळल्या दोडक्यासारखा झालेला, आणि आता आपल्याला पाना पेलतो की नाही या धास्तीनं ते गॅरेजात जायचंच टाळत. माय रोज त्या हाताला तेल चोळायची. मी तेव्हा स्नायू आकसताना किती जोर लावतो याचं गणित मांडत होतो, म्हणून दोघांचे दंड मोजले, कोण किती ओढेल ते समीकरणातून काढलं आणि काटा ओढायला लावला. बाबांनी दात आवळून ओढला. मग मायनं ओढला, तर काटा बाबांच्या आकड्याच्या जरा अलीकडेच थांबला. "पाह्य, अजून तुह्या मायपेक्षा जोर हाय!" म्हणत बाबा चपला घालून थेट गॅरेजाकडे निघाले. माझं गणित मात्र मायलाच बरंच पुढं दाखवत होतं. मी चिडलो, "माय, तू तं जोरच नाही लावला." हाताचं तेल पदराला पुसत ती म्हणाली, "कायले लावू? त्याईले कामावर जायचं होतं ना." माझ्या समीकरणात, मन स्नायूला किती हुकूम देतं याचाही आकडा असतो; पूर्ण जोर लावला की तो एक, हात राखला की त्याहून कमी. आजही मी तो एक धरतो, पण माप घेण्याआधी खोलीत आणखी कोण उभं आहे ते बघून घेतो.