मोटेची सोंड

ये माय, हा कागद जवळ धर अन् आधी बोलणी खाय. रिठदले सासरी तू जळतनाच्या ढिगात उघडा हात घालून राहिली, असं कानावर आलं. नात कोणाची आहेस तू? तुले कोणी सांगितलं नसंल, म्हणून मीच लिहून ठेवते. अक्षर माहं मीच शिकलेलं, वाकडं असलं तरी वाच.

मी आसेगावले नवी सून होती तवाची गोष्ट. कपाशी निघाली का वाळल्या पऱ्हाट्या उपटून घरामागं गंज लावत, अन् वर्षभर त्याच चुलीत जात. गंजीत उंदीर राहत, उंदरामागं परड येई, तुमी घोणस म्हणता ते. मोठ्या जाऊबाईले पऱ्हाट्या ओढतानी परड डसली. जीव वाचला, पण उजव्या हाताची बोटं आखडली. भाकर थापणं त्यायच्या हातून गेलं ते गेलंच. घरात थापणारे हात उरले माहे दोन.

मळ्यातल्या विहिरीवर जुनी मोट फाटून पडली होती. पाणी उपसायच्या त्या चामड्याच्या मोटेले लांब सोंड असते. ती मी विळ्यानं कापून आणली, जवसाचं तेल चोळून मऊ केली, पुढचं तोंड सुतळीनं शिवलं, अंगठ्यापुरती वेगळी खोळ काढली. कोपरापर्यंत हात झाकला. आधी काठीनं गंज ठोकायची, थांबायचं, मंगच हात घालायचा.

सासूबाईनं पाहिलं अन् घर डोक्यावर घेतलं. मेल्या जनावराच्या कातड्यानं आणलेलं जळतन त्यायच्या चुलीले चालणार नव्हतं. वरतून, ज्या नागदेवाले पंचमीले पुजतो त्याच्यापासूनच हात लपवते म्हणे. पूजा तर मीही करत होती. दूध-लाह्या ठेवत होती, पण बोटं नैवेद्याले ठेवीन असं काही कबूल केलं नव्हतं.

म्हटलं, "आत्याबाई, ह्याच मोटेच्या पाण्यावर तुमची वांगी झाली. ती चुलीवर चालतात, मंग सोंड माह्या हाताले काहून चालत नाही?"

"जबान लांब झाली तुही," त्या म्हणाल्या. "कातडं टाक, नाहीतर चुलीले हात लावू नको."

"नाही लावत," म्हटलं, अन् सोंड मांडीवर घेऊन ओट्यावर बसली.

चूल थंडी राहिली. माणसं वावरातून यायची वेळ झाली, तवा सासूबाई स्वतःच गंजीकडे गेल्या. मी पाहून राहिली होती. पऱ्हाट्यांजवळ त्यायचा हात गेला अन् तिथंच थांबला. दारात मोठ्या जाऊबाई उभ्या होत्या, आखडला हात पदराखाली घेऊन.

"आण ते," सासूबाई माह्याकडे न पाहता म्हणाल्या.

मी नेऊन दिलं, आधी काठी दिली. त्या दिवशी गंजीतून काही निघालं नाही, उंदीरसुद्धा नाही. सोंड चुलीजवळ आणू नको, बाहेर खुंटीले टांग, असं त्यायनं सांगितलं. तेवढं मी ऐकलं, बाकी नाही.

पुढं एका पावसाळ्यात त्या कातड्यावर दोन दात उमटले, आरपार गेले नाही. म्हणून साप धरून पाहू असं मनात आणू नको. दिसला का मागं सरकायचं.

हात झाकला म्हणून सासरचं कोणी हसलं, तर हसू दे. पोळ्याच्या आधी दोन दिवस ये. माहे डोळे सुई ओवण्यापुरते अजून आहेत, तुह्या हाताचं माप तेवढं पाहिजे.