तुम्ही जाऊन या, मी गाडीत आहे

माझ्या भावोजींइतकं युरोप गाडीत बसून पाहिलेला माणूस अख्ख्या आखातात दुसरा सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. मूळचे आमच्यासारखेच वसईचे, पण एकतीस वर्षं शारजात काढलेले आणि जबल अलीच्या एका कंपनीत कामगारांच्या बसगाड्या वेळेवर सोडायचं काम केलेले. माणूस सज्जन, देवभोळा, सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही. दोष म्हणाल तर एकच, पण तो एक शंभरांना पुरून उरेल असा: गाडीतून उतरायचं नाही. कामावर जाताना आणि घरी झोपायला जाताना उतरायचे, नाही असं नाही. पण बायकोमुलीला घेऊन बाहेर निघाले, की मॉल असो, दवाखाना असो, कुणाचं लग्न असो, दारात गाडी लावायची, काचेतून बोट दाखवायचं आणि म्हणायचं, ‘‘तुम्ही जाऊन या, मी गाडीत आहे.’’

आता आमच्या शारजात हे खपून जातं, तीच तर पंचाईत. इथे कॅफेटेरियासमोर गाडी उभी करून हॉर्न दिला की आतला माणूस धावत येतो आणि कडक चहा काचेतून आत येतो. किराणा तसाच, इस्त्रीचे कपडे तसेच, डोकेदुखीची गोळीसुद्धा तशीच. त्यामुळे भावोजींच्या वाटेला कुणी गेलं नाही आणि माणूस सोकावला. चर्चला गेले तर भिंतीला लागून गाडी लावायची आणि काचा खाली करून लाउडस्पीकरवर मिस्सा ऐकायची. शांतीची खूण म्हणून शेजाऱ्याशी हात मिळवायची वेळ आली की हे खिडकीतून हात बाहेर काढून पलीकडच्या गाडीतल्या माणसाला शोधायचे. एकदा तो पलीकडचा माणूस बिचारा केरळी टॅक्सीवाला, मुसलमान, सवारीची वाट बघत बसलेला निघाला. त्यानेही मोठ्या मनाने हात मिळवला. दुबईत ऊद मेथाच्या एका हॉलमध्ये माझ्या पुतणीचा साखरपुडा होता, तिथे ताईने बिर्याणीचं ताट खाली पार्किंगमध्ये नेऊन दिलं. मग एकेक पाहुणा ‘भावोजींना भेटून येतो’ म्हणून खाली उतरला, आणि शेवटी केक कापायच्या वेळी वर हॉलमध्ये आम्ही नऊ बायका आणि एक फोटोग्राफर उरलो होतो. खाली भावोजींच्या गाडीभोवती मैफल रंगली होती. माझ्या जावेचं तोंड अजून वाकडं आहे.

गाडी म्हणजे तरी काय, संसार होता तो. थर्मास, स्टीलचे चार पेले, वसईहून आलेली सुकेळी, नेलकटर, दोन छत्र्या (शारजात छत्री कशाला, हे विचारायचं नाही), पायमोजे, रोझरीची माळ आणि कागदी रुमालांचे सहा डबे. शिवाय एक खोड अशी, की आम्ही परत येताना दिसलो की आधी मागे वळायचं, सीटच्या प्रत्येक पट्ट्याचं बक्कल उलट्या हाताने चाचपायचं आणि मगच ‘‘हं, बसा’’ म्हणायचं. हातात सामानाच्या पिशव्या, डोक्यावर ऊन, आणि हे आपले बक्कलं मोजताहेत! माझा जीव मेटाकुटीला यायचा. ताई म्हणायची, ‘‘सोड गं, दंडाची भीती आणि आळस, दुसरं काय.’’

तर असे हे भावोजी रिटायर झाले. इथे नोकरी संपली की व्हिसा संपला, खलास. वसईला कायमचं परत जायचं ठरलं. त्या आठवड्यात ताईने मला घरी बोलावलं आणि कपाटातून आल्बम काढून माझ्या मांडीवर टाकले. जबल हफीतच्या माथ्यावर ताई. खोर फक्कानच्या किनाऱ्यावर ताई. वाळवंटात उंटाशेजारी ताई. सगळीकडे एकटी, वाटेवरच्या कुणालातरी विनंती करून काढलेले फोटो. एकात कोपऱ्यात गाडीचं बॉनेट दिसत होतं, त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, ‘‘हा आमच्या ह्यांचा फोटो.’’ दोघांचा मिळून फोटो म्हणाल तर लग्नातला, चर्चच्या दारात काढलेला, तोसुद्धा त्या काळी भावोजींकडे गाडी नव्हती म्हणून. ‘‘आम्ही युरोपला जातोय,’’ ताई म्हणाली. ‘‘मला तिथलं काही नको. तिथे कुठेतरी हे माझ्या शेजारी उभे आहेत, असा एक फोटो पाहिजे. जन्मात एक. तू चल, फोटो काढायला आपलं माणूस हवं.’’ नवरा-बायकोच्या सहलीत मी कशाला, असं मी म्हणून पाहिलं. पण तिचा चेहरा बघितला आणि ऑफिसात रजा टाकली. माझ्या नवऱ्याला रजा मिळेना, तो नुसता हसून म्हणाला, ‘‘यल्ला, जा. आणि उतरले तर मला व्हिडिओ पाठव.’’

मला वाटलं होतं, परदेशात गाडी नसेल तर बसतील कुठे? कपाळ माझं! पॅरिसच्या विमानतळावर उतरून आम्ही बॅगांची वाट बघतोय तोवर भावोजी भाड्याच्या गाडीची किल्ली घेऊन हजर, आणि थर्मास, पेले, सुकेळी, रुमालांचे डबे बॅगांतून थेट त्या गाडीत. पॅरिसमध्ये त्या प्रसिद्ध कमानीभोवती जो प्रचंड चौक आहे, त्याला त्यांनी अकरा प्रदक्षिणा घातल्या. का, तर ताईला कमान सगळ्या बाजूंनी दिसावी. सातव्या फेरीला मी डोळे मिटून ‘नमो मरिये’ म्हणायला लागले. आयफेल टॉवर पुलावरून दाखवला. ‘‘दिसला ना? वरपर्यंत दिसला? यल्ला मग.’’ ताई उतरली, मी उतरले, मी तिचा एकटीचा फोटो काढला. मागे हॉर्नचा गलका चालला होता, त्यातला एक हॉर्न आमचाच होता.

कोलोनला तर मान खाली घालायची वेळ आली. जुन्या गल्लीत एका सुंदर कॅफेसमोर भावोजींनी गाडी उभी केली आणि शारजाच्या सवयीने हॉर्न दिला. कुणी येईना. पुन्हा दिला. बाहेर बसलेली माणसं कप हातात धरून बघायला लागली. तिसऱ्या हॉर्नला आतून काळा एप्रन बांधलेला एक उंच गृहस्थ घाबराघुबरा धावत आला; त्याला वाटलं गाडीत कुणाला झटका आला. भावोजींनी काच खाली केली आणि हसून म्हणाले, ‘‘थ्री टी, हबीबी. वन शुगर लेस.’’ तो माणूस माझ्याकडे बघतोय, मी पायाखालच्या चटईकडे. शेवटी मीच आत गेले, माफी मागितली आणि चहा घेऊन आले. भावोजींनी एक घोट घेतला आणि म्हणाले, ‘‘सर्व्हिस स्लो आहे इथली.’’

झुरिकला त्याहून कहर. तळ्याकाठी बाहेर आठ डिग्री थंडी, आम्ही दोघी कुडकुडत फिरून आलो, तर एक म्हातारी गोरी बाई आमच्या गाडीची काच ठोठावत होती. गाडीचं इंजिन चालू, आत एसी चालू! उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवायचं नाही, धूर होतो, असं ती परोपरीने सांगत होती. भावोजींना वाटलं, पत्ता विचारतेय. त्यांनी तिला सुकेळी दिली. तिने ती घेतली, खाल्ली, आणि पुन्हा इंजिनाकडे बोट दाखवलं. तेव्हा कुठे त्यांनी किल्ली फिरवली. मी म्हटलं, ‘‘भावोजी, अहो, एवढ्या थंडीत एसी? डोकं ठिकाणावर आहे ना?’’ तर म्हणाले, ‘‘तुम्ही येताना दिसलात ना, म्हणून लावला.’’ आणि बसायच्या आधी बक्कलं चाचपणं चालूच.

मिलानला मात्र माझा संयम सुटला. कॅथेड्रलच्या चौकापासून थोडं अलीकडे गाडी थांबली. ताई इतके दिवस काही बोलली नव्हती; तिथे तिने भावोजींच्या हातावर हात ठेवला. ‘‘एकदा उतरा. मेणबत्ती लावू दोघं, पाच मिनिटांत येऊ.’’ भावोजी स्टिअरिंगकडे बघत राहिले. म्हणाले, ‘‘इथे गाडी उचलून नेतात म्हणे. तुम्ही जाऊन या.’’ ताई गेली. आत तिने एकटीने मेणबत्ती लावली आणि पदर नव्हता म्हणून ओढणीने डोळे पुसले. परत आल्यावर मी तोंडाचा पट्टा सोडला. एकतीस वर्षांचं सगळं काढलं, साखरपुडासुद्धा काढला. भावोजींनी नुसता कागदी रुमालांचा डबा मागे सरकवला. संध्याकाळी टोरांटोहून त्यांच्या लेकीचा फोन आला. सगळं ऐकून ती म्हणाली, ‘‘ममा, जस्ट लीव्ह हिम इन द कार. ही इज हॅपी देअर.’’ ताईने फोन माझ्याकडे दिला आणि खिडकीबाहेर बघत बसली.

शेवटचं शहर व्हेनिस. ते मी मुद्दाम घालायला लावलं होतं, कारण तिथे रस्तेच नाहीत. पाणी आणि पूल. गाडी शहराच्या तोंडाशी एका बहुमजली पार्किंगमध्ये ठेवायची आणि पुढे पायी किंवा बोटीने. आता बघू कसे उतरत नाहीत, असा माझा डाव. भावोजी गोल गोल चढत सहाव्या मजल्यावर, उघड्या गच्चीवर गेले. समोर सगळं पाणी, लांबवर घंटाघरं. गाडी रेषेत लावली. इंजिन बंद केलं. काचा बोटभर खाली केल्या, सीट मागे सरकवली आणि, देवाशपथ सांगते, म्हणाले, ‘‘तुम्ही जाऊन या.’’

मी काही बोलणार तेवढ्यात ताईने उघडलेलं दार परत लावून घेतलं. ‘‘तू जा गं,’’ ती मला म्हणाली. ‘‘मी पण आज गाडीतच बसते. बघू तरी, एवढी वर्षं हा माणूस इथे बसून करतो काय.’’

मी तणतणत एकटीच निघाले. व्हेनिस कसं होतं विचाराल तर मला धड आठवत नाही. पूल चढले, उतरले, आईसक्रीम खाल्लं, एका नावेत प्रेमात पडलेलं जोडपं दिसलं त्यांचाही राग आला. दोन तासांनी परत आले तर लांबूनच दिसलं, दोघं पुढच्या सीटवर बसलेत, हातात स्टीलचे पेले, मध्ये सुकेळी, आणि पाण्याकडे बघत ताई काहीतरी सांगतेय. मी मागचं दार उघडलं. भावोजी वळले, उलट्या हाताने बक्कल चाचपलं आणि म्हणाले, ‘‘हं, बस.’’

‘‘अहो थंडगार आहे ते!’’ मी ओरडलेच. ‘‘काय शोधता त्यात?’’

ताई म्हणाली, ‘‘ओरडू नकोस त्यांना. मलाही आजच कळलं.’’ मग तिने सांगितलं. लेक तेव्हा एक वर्षाची होती. शारजाच्या औद्योगिक भागातून घेतलेली पहिली जुनी गाडी, जुलै महिना. तिघंही पडद्याचं कापड घ्यायला दुकानात गेले, गाडी तासभर उन्हात. परत आल्यावर ताईने पोरीला सीटवर ठेवलं आणि पट्ट्याचं लोखंडी बक्कल तिच्या मांडीला लागलं. कातडी सोलली गेली. पोर रात्रीपर्यंत रडत होती. ‘‘डाग मला माहीत आहे गं, मीच मलम लावलंय त्याला,’’ ताई म्हणाली. ‘‘पण ह्यांचं गाडीत बसणं त्या दिवसापासूनचं आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी आळस म्हणत राहिले.’’

‘‘मी गाडीत असतो तर गाडी थंड असती,’’ भावोजी स्टिअरिंगला सांगितल्यासारखं म्हणाले. ‘‘आता ती टोरांटोला बर्फात असते, हे मला कळतं. पण सवय गेली नाही.’’

मिलानला मी काय काय बोलले होते ते सगळं आठवलं आणि लाज वाटली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसा कागदी रुमालांचा डबा आपोआप मागे आला. ताईनेही एक घेतला, नाक पुसलं आणि म्हणाली, ‘‘चल, फोटो काढ आता.’’

आणि भावोजींनी दाराच्या कडीला हात घातला. खरंच घातला. ‘‘थांब,’’ म्हणाले, ‘‘उतरतो.’’

‘‘बसा तुम्ही,’’ ताई म्हणाली. ‘‘असाच काढ गं, समोरून.’’

तो फोटो तिने शारजाच्या घरी हॉलमध्ये मोठा करून लावला होता. समोरची काच, त्यावर वायपर, काचेमागे दोन पेले आणि दोन हसरे चेहरे. येणारा जाणारा विचारायचा, हे कुठलं? ताई म्हणायची, ‘‘व्हेनिस.’’ लोक नीट बघायचे, पाणी शोधायचे आणि विषय बदलायचे. आता तो फोटो वसईच्या घरात आहे. मे महिन्यात दोघं तिकडे राहायला गेली. गाडी विकली, थर्मास तेवढा बरोबर नेला. जाताना विमानतळावर भावोजी चक्क गाडीतून उतरून आत आले, तर मलाच कसंतरी झालं. माणूस उभा केवढा असतो ते मी विसरलेच होते.

परवा भर दुपारी सुपरमार्केटमधून बाहेर आले. दोन्ही हातांत पिशव्या, पार्किंगमध्ये नुसती आग. गाडीत बसले, पट्टा ओढला, आणि बक्कल चर्रकन बोटांना लागलं. ‘‘भावोजी,’’ मी एकटीच मोठ्याने म्हणाले, ‘‘कुठे आहात हो?’’ मग दार उघडं टाकलं, एसी लावला आणि गाडी थंड होईपर्यंत बाहेर उन्हात उभी राहिले.