रिकामा गुंड

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर तलावाच्या पाळीवर फिरून आलो. रोजच्यासारखंच. बायको माझ्या बाजूनं चालत होती, पायात माझ्याच जुन्या चपला. समोरून शेजारी आला, सायकलवर गवताचा भारा बांधलेला.

"काहो, कुठी चाल्ले दोघं?"

"म्हैस पाहाले," मी म्हणालो.

तो पुढं गेला आणि ही पोट धरून हसायला लागली. "म्हैस मेली तिले चार वर्सं झाले जी! कुठी पाहाले चाल्ले, सरगात?" हसणं थांबलं तशी म्हणाली, "एकडाव तरी खरं सांगा नं. फिरायले चाललो म्हना. जीभ झडते का तुमची?"

"उद्या सांगीन," मी म्हणालो.

हे फिरायचं खूळ आमच्या घरात सरकारनं घातलं. खोटं नाही सांगत. सत्तर साल उलटून दोनचार वर्षं झाली असतील. कोतवालानं दवंडी दिली, की उद्या शाळेत मोठे साहेब येणार, देशाचं धोरण ठरवायचं आहे. पण त्याच्या तोंडात पानाचा तोबरा. गावानं ऐकलं 'तोरन'. दुसऱ्या दिवशी अर्धं गाव आंब्याचे डहाळे घेऊन शाळेत हजर! हीसुद्धा. साहेबाला वाटलं आपलंच स्वागत. लई खूश झाला.

दिवस रोवण्याचे होते. बाया आदल्या दिवशी दिवसभर चिखलात वाकून धान लावून आलेल्या, कोणाची कंबर सरळ होत नव्हती. आणि साहेब सांगतो, देशात लोकांच्या अंगाला हालचाल कमी पडते आहे. ती कशी वाढवायची याचा विचार दिल्लीत चालू आहे. खेड्यातल्या लोकांचं म्हणणं मला लिहून न्यायचं आहे.

समोर एक म्हातारा बसला होता, त्याला विचारलं, "बाबा, तुम्ही व्यायाम करता का?"

"तो का असते जी?"

"मेहनत. पण काम नसताना केलेली."

"काम नसताना मेहनत? तसा मानूस दिसला त आमी त्याले येडा म्हंतो, सायेब."

सारी शाळा हसली. साहेबही हसला. तेवढ्यात मागून, डहाळे मांडीवर घेऊन बसलेली माझी बायको बोलली. "सायेब, मी सांगू? मी जनमभर चालली. पन डोक्शावर काहीतरी घेऊन. पान्याचा गुंड, नाही त भारा, नाही त शेनाचं टोपलं. आन सदा यायच्या मांगं, नवऱ्याच्या. रिकाम्या डोक्शानं, यायच्या बाजूनं, रोज अर्धा घंटा चालाले भेटन, असं काही लिवा तुमच्या तोरनात."

बाया खिदळल्या. मी जमिनीकडं पाहत बसलो. साहेबानं मात्र सगळं लिहून घेतलं.

दिल्लीत ते कोणी वाचलं की नाही, मला ठाऊक नाही. हिनं मात्र तो कायदाच धरला. त्याच संध्याकाळी दारात उभी. "चला जी, सरकारनं लिवून नेलं."

मला लाज. आमच्या गावात नवराबायको बाजूबाजूनं चालतात ते लग्नात, ते पण गाठ बांधलेली असते म्हणून. मग हिनंच युक्ती काढली. काखेत रिकामा गुंड घ्यायचा, लोकांना वाटावं पाण्याला चालली. मी हातात विळा घ्यायचा. पाळीच्या त्या टोकापर्यंत जायचं, उलटं फिरायचं. येताना गुंड रिकामाच. आमची अशी कितीतरी वर्षं गेली. घरात तिचा शब्द ठरलेला. भात चुलीवर असला की म्हणायची, "चला, तोरन करून येऊ."

ऐंशी सालानंतर दुसरे एक साहेब आले, पाणी तपासायला. गावात दोन दिवस राहिले. दोन्ही संध्याकाळी आम्ही त्यांना गुंडासहित दिसलो. त्यांनी कागदावर लिहिलं असावं, की या गावात बायांना दिवस बुडतानाही पाण्यासाठी दूर जावं लागतं. कारण वर्षाच्या आत बोरिंगची गाडी आली आणि हापशी बसली कुठं, तर आमच्याच दारासमोर. गाव म्हणे, हिच्या पायाचा गुण. ही उंबऱ्यावर तोंड पाडून बसली.

"आता कायले जाऊ जी मी तलावावर? मले पानी भेटलं आन माहं चालनं गेलं."

बाया विचारायच्याच. दारात हापशी असून ही गुंड घेऊन जाते कुठं? चार दिवस आम्ही घरीच बसलो. घरात बोलणं नाही, भाजीत मीठ नाही. मी गुमान जेवलो.

पाचव्या दिवशी तिनं गुंड पालथा घातला. माझ्या जुन्या चपला पायात सरकवल्या. "मी चालली. यायचं असन त या, नाही त ऱ्हा बसून."

मी विळा उचलला आणि निघालो. तेव्हापासून तिचे हात रिकामे ते रिकामेच. विळा माझा सुटला नाही. कोणी विचारलं की मी काहीतरी फेकायचो. धानाची बांधी फुटली, साळा येणार आहे, म्हैस पाहाले. ती एक शब्द खोटं बोलायची नाही. गप राहायची आणि पुढं गेल्यावर हसायची.

त्या शेवटच्या संध्याकाळीही तशीच हसली. घरी आलो, भात खाल्ला, झोपलो. सकाळी ती उठली नाही. तो दिवस माणसं येण्यात आणि तिला पोचवण्यात गेला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. मी चपला घातल्या. बहीण म्हणाली, "बस नं दादा, कुठी चालला सुतकात?" मी थांबलो नाही. विळा खुंटीवरच होता.

पाळीवर शेजारी भेटला. मला पाहून सायकलवरून उतरला. बिचारा सवयीनं तेच विचारून बसला, "कुठी चाल्ले?"

एक दिवस उशीर झालाच होता.

"फिरायले," मी म्हणालो. "फिरायले चाललो."